हयात व्यक्तीचा पत्ता

उद्धवराव कोयंडे यांचा कागदावर विश्वास होता. चाकणच्या पट्ट्यात, महाळुंग्याजवळच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म काढला, तोही क्वालिटी खात्यात. तिथल्या भिंतीवर पाटी होती : ‘जे लिहिलेलं नाही, ते घडलेलं नाही.’ बाकीची मंडळी त्या पाटीखाली उभी राहून चहा पीत. उद्धवरावांनी ती मनावर घेतली. निवृत्त झाल्यावरही ते गॅसच्या सिलिंडरवर मार्करने तारीख टाकत, सुरीला धार लावली की मुठीवर चिठ्ठी चिकटवत, आणि यशोदाबाईंच्या लोणच्याच्या बरणीला बॅच नंबर देत. यशोदाबाई काही म्हणत नसत. लोणचं नासलं तर निदान कुठल्या बॅचचं ते कळत असे.

दिघीला सातव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. गॅलरीतून लष्कराची मोकळी जमीन दिसे : वाळकं गवत, काटेरी तार आणि सराव असला की लाल बावटा. समुद्र तिथून इतका लांब, की त्याच्याकडून निघालेला वाराही घाट चढून येईपर्यंत धापा टाकत असे.

आणि तरी कोयंड्यांचं घराणं दर्यावर्दी. जातीने गाबीत, मूळ गाव देवगडकडचं कालवंडी बंदर. पणजोबा धर्मा मचव्यावर खलाशी होते. एके वर्षी त्यांनी अचानक समुद्र सोडला आणि कणकवलीत येऊन राहिले. आजोबा कोल्हापूरला गेले, वडील साताऱ्याला, आणि उद्धवराव नोकरीच्या निमित्ताने इथे. प्रत्येक पिढी दर्यापासून आणखी एक मजल लांब. उद्धवरावांना हा योगायोग वाटे. योगायोगाची नोंद कुठे करायची असते हे माहीत नसल्याने त्यांनी ती केली नव्हती.

घराण्यात दोन गोष्टी मात्र चमत्कारिक होत्या. एक म्हणजे कोयंड्यांच्या लग्नपत्रिकेवर कार्यालयाचा पत्ता असे, घराचा कधीच नसे. सुजितच्या, म्हणजे उद्धवरावांच्या मुलाच्या लग्नात छापखानेवाल्याने आपला उत्साह म्हणून घराचा पत्ता टाकला, तर उद्धवरावांच्या वडिलांनी रात्र जागून ब्लेडने सगळ्या पत्रिकांचे कोपरे कापले. “गावाकडे जाणाऱ्या कागदावर आपला पत्ता नसतो,” एवढंच म्हणाले. पाहुण्यांना वाटलं, नवीन फॅशन आहे.

दुसरी गोष्ट देव्हाऱ्यात होती. देवांच्या मागे, लाल फडक्यात गुंडाळलेला काथ्याच्या दोराचा वीतभर तुकडा. नारळी पौर्णिमेला त्याच्यापुढे नारळ ठेवायचा आणि घरातल्या कर्त्याने म्हणायचं, “थंयच रव.” म्हणजे, तिथेच राहा. कोणी, कुठे, ते कुणी विचारत नसे. उद्धवराव दरवर्षी ते शब्द लिफ्टमधल्या शेजाऱ्याला ‘काय म्हणता’ म्हणावं तसे म्हणत. एकदा त्यांनी भिंगाखाली तो दोर तपासलाही होता. एक टोक वापराने झिजून पिंजारलेलं. दुसरं टोक सपाट. ताणाने तुटलेला धागा आणि पात्याने कापलेला धागा यांतला फरक ओळखण्याचाच त्यांना पगार मिळाला होता. हे टोक कापलेलं होतं, एका घावात.

कारणाची नोंद नव्हती. त्यांनी विषय बंद केला.

तो उघडला नातीमुळे. दिव्या बारावीला होती तेव्हापासून घरात टीव्ही बंद होता. पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलेली डॉक्टरकीची जागा दुसऱ्या वर्षी तिच्या टप्प्यात आली, आणि तेव्हा कळलं की जातीच्या दाखल्यावर पडताळणीचा शिक्का नाही. शिक्का मुदतीत आला नाही तर जागा दुसऱ्याची. शिक्क्यासाठी वंशावळ हवी, आणि वंशावळीतल्या एखाद्या तरी पूर्वजाची जात जुन्या सरकारी दप्तरात लिहिलेली हवी.

सुजित आणि सून दोघंही शिफ्टला. उद्धवरावांनी शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावली आणि पूर्वज शोधायला निघाले.

पूर्वजांनी सहकार्य केलं नाही. कणकवलीच्या दप्तरात पणजोबा नव्हते. आजोबांच्या शाळेने जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ लिहून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. जणू चार पिढ्यांनी ठरवून हात झटकले होते आणि मागे खूण ठेवली नव्हती. शेवटी जिल्ह्याच्या दप्तरखान्यात, वाळवी लागलेल्या मोडी बंदर-दप्तरात एक ओळ सापडली. मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी ती वाचून दाखवली : लखू बिन रामा कोयंडे, गाबीत, तांडेल. सोबत भाऊ धर्मा, खलाशी.

तांडेल म्हणजे मचव्याचा कप्तान. पणजोबांना थोरला भाऊ होता, हे उद्धवरावांना साठी ओलांडल्यावर कळलं.

“पुढे काय झालं यांचं?” त्यांनी विचारलं.

“मचवा परत आल्याची नोंद आहे. तांडेल परत आल्याची नाही,” मोडीवाले म्हणाले आणि पान मिटलं. मिटताना त्यांनी बोटं जिभेला लावली होती. तोंड वाकडं करून त्यांनी ती रुमालाला पुसली.

पडताळणीच्या कार्यालयात खिडकीवर एक बाई होत्या. त्यांचा चेहरा असा, की जणू समोरच्याने जन्म घेतला हीच मुळात त्रुटी आहे.

“लखू रामा. हयात की मयत?”

“मॅडम, ते माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ आहेत.”

“नातं नाही विचारलं. हयात की मयत?”

“मयतच असणार.”

“असणार? मृत्यूचा दाखला जोडा.”

“तो नाही. समुद्रात गेलेले दिसतात.”

“मग मयत कशावरून?”

हा प्रश्न क्वालिटी खात्यात उद्धवरावांनी स्वतः शेकडो लोकांना विचारला होता, फक्त माणसाच्या जागी बेअरिंग असे.

“मॅडम, दीडशेच्या वर वय होईल त्यांचं.”

“वयाचा रकाना नाहीये. ज्याच्या नोंदीवर तुमचा दावा उभा आहे त्याची स्थिती भरा. मयत म्हणालात तर दाखला. दाखला नाही, तर हयात. पुढचे या.”

बाहेर पिंपळाखाली युसुफभाईंचं टेबल होतं. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, झेरॉक्स. त्यांनी लॅपटॉप फिरवून दाखवला. “बघा काका, खाना खाली सोडला की लाल होतंय. मशीन घेतच नाही. हयात टाकू?”

“टाका,” उद्धवराव म्हणाले. खोटं लिहिण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. पण नियमात बसत होतं, आणि नियमात बसलेल्या खोट्याला ते खोटं म्हणत नसत.

“झालं. आता पत्ता मागतंय.”

“कुणाचा?”

“यांचाच की. हयात माणूस म्हटल्यावर कुठं तरी राहत असणार.” युसुफभाई हसले. “गावाचा देऊ?”

“गावात घरच नाही उरलेलं. चौकशीला कुणी गेलं तर पंचाईत.” उद्धवरावांनी घड्याळ बघितलं. दिव्याची मुदत डोळ्यांपुढे होती. “आमचाच द्या. दिघीचा.”

युसुफभाईंनी टाइप केलं. नोटरीने न वाचता शिक्का मारला. मी शपथेवर लिहून देतो की श्री. लखू रामा कोयंडे हे हयात असून माझ्यासोबत वरील पत्त्यावर राहतात. उद्धवरावांनी खाली सही केली. टेबलावर कागद सारताना युसुफभाई थबकले. “काका, हात धुऊन आलात का? शाई फुटली बघा.”

हात कोरडे होते.

पहिल्यांदा बदललं ते पाणी. यशोदाबाईंनी सकाळचा चहा तोंडाला लावला आणि विचारलं, “साखरेऐवजी काय घातलंत?” माठातलं पाणी खारट होतं. याला कारण होतं. सोसायटीत टँकर येई, बोअरचं पाणी मिसळलं जाई. उद्धवरावांनी टँकरवाल्याशी भांडण काढलं. टँकरवाला म्हणाला, “काका, बाकीच्या समद्या घरांत गोड हाय. तुमच्याच नळाला काय मीठ लागलंय व्हय?”

मग खालच्या मजल्यावरचे धम्मरत्न वर आले. त्यांच्या छतावर ओल आली होती आणि ओलीच्या कडेने पांढरा खार फुटला होता. प्लंबरने फरशी उकरली. पाइप कोरडे ठणठणीत.

“कोयंडेकाका, मी सज्जनपणे सांगतोय,” धम्मरत्न म्हणाले. “पुढच्या वेळी सज्जनपणे सांगणार नाही.”

न्हाणीघरात निळं पिंप होतं. दुपारी ते काठोकाठ भरलेलं असे, संध्याकाळी अर्धं. नळ बंद. उद्धवरावांनी आत पट्टी लावली आणि निरीक्षणं घेतली. पाणी चढत होतं, थांबत होतं, उतरत होतं आणि पुन्हा चढत होतं. रोज थोडं उशिरा. तक्ता पूर्ण झाला तो भरती-ओहोटीचा निघाला. त्यांनी तो बघितला, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक कागद फाडून टाकला.

गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीला गाठी पडू लागल्या. यशोदाबाईंना साधी गाठ नीट बसवता येत नसे. या गाठी दिसायला सोप्या होत्या आणि सुटत नव्हत्या. त्या सोडवू गेलं की बोटांना काप जात. एका दुपारी दिव्या शांतपणे गॅलरीत उभी राहिली, एका पेडाला चिमटीत धरलं आणि ओढलं. अख्खी गाठ विरघळली.

“कुठे शिकलीस?” आजोबांनी विचारलं.

“असं धरायचं असतं,” ती म्हणाली आणि आत जाऊन अभ्यासाला बसली. परीक्षा केव्हाच संपली होती.

नारळी पौर्णिमेला यशोदाबाईंनी नेमाप्रमाणे दोरापुढे नारळ ठेवला. उद्धवराव हात जोडून उभे राहिले. “थंयच रव” म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. शब्द आठवत होता, पण घशातून निघेना. शेवटी खोकल्यासारखं करून ते बाजूला झाले. नारळ फोडला तर आतलं पाणी खारट, आणि वाटीच्या तळाशी चिमूटभर वाळू.

“नारळवाल्याकडे तक्रार करू या,” उद्धवराव म्हणाले.

“करा,” यशोदाबाई म्हणाल्या. “बॅच नंबर विचारा त्याला.”

थट्टा करताना त्या कधी रडत नसत. त्या दिवशी रडल्या.

पडताळणी कार्यालयाच्या दक्षता पथकाचे सोपानराव चौकशीला आले तेव्हा उद्धवराव बँकेत गेले होते. परतताना जिन्यातच गाठ पडली. लिफ्ट बंद होती, सोपानराव घाम पुसत उतरत होते आणि चांगलेच खुशीत होते.

“अहो कोयंडे, फर्स्ट क्लास! आमचं काम काय, तर घराण्याच्या चालीरीती तपासायच्या. लोक पाठ करून येतात हो. तुमच्या आजोबांनी मात्र वाऱ्यांची नावं काय सांगितली, मचव्याचे भाग, देवाचे मान. वीस वर्षांत असा जबाब नोंदवला नाही.”

उद्धवराव एक पायरी वर चढले. “कुठल्या आजोबांनी?”

“गॅलरीत बसलेल्या. ते लखू तांडेल. वर बघत नाहीत, एवढंच. वय झालं.” सोपानराव हसले. “तुम्हाला विचारलं असतं ना, तर तुम्ही नापास झाला असतात.”

“ते… काय म्हणाले आणखी?”

सोपानरावांचं हसू जरा ओसरलं. “विचारत होते, तुम्ही धर्माचे कोण. म्हटलं पणतू. म्हणाले, मग बरोबर घर आहे.” ते दोन पायऱ्या उतरले आणि वळून म्हणाले, “त्यांना सतरंजी तरी द्या हो बसायला. खाली सगळं ओलं आहे.”

घरात यशोदाबाई ओट्याशी उभ्या होत्या. “तो साहेब गॅलरीत एकटाच बडबडत होता. दोन कप चहा मागितला, दिला. मला वाटलं तुम्ही आलात मागून.” दोन्ही कप बेसिनमध्ये होते. एक रिकामा. दुसरा काठोकाठ भरलेला, आणि त्यावर बोटभर फेस.

त्या दुपारी उद्धवरावांनी कालवंडीला फोन लावला. गावात भाऊबंदांतली एकच उरली होती, कस्तुरा आत्या. तिने आधी खुशाली विचारली. लखूचं नाव निघताच पलीकडे नुसता वारा वाहिला.

“उद्धवा, तेचा नाव कित्याक घेतलंस?”

“सरकारी काम होतं, आत्या. दिव्यासाठी. कागदावर लिहावं लागलं.”

“काय लिवलंस?”

“हयात आहेत म्हणून.”

“आनी खंय रवता म्हणान लिवलंस?”

उद्धवरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“पत्तो दिलंस?” म्हातारीचा आवाज चढला. “तुझ्या घराचो? तेका? आमी चार पिढये नारळ घालून तेका थंयच ठेवलाव. तुझ्या बापाशीन पत्रिकेचे कोपरे कापल्यान. आनी तू शिक्को मारून बोलावन घेतलंस?”

“आत्या, धर्मा पणजोबांनी नेमकं काय केलं होतं?”

“ता दोराक विचार,” आत्या म्हणाली. “तेचा दुसरा टोक दर्यात लखूच्या हातात होता. आनी आता माका फोन करू नको. हंय तेची वाट नको.”

त्यानंतर तो नंबर लागलाच नाही.

उद्धवराव पुन्हा खिडकीवर गेले. बाईंनी अर्ज उघडून बघितला. “अहवाल चांगला आलाय तुमचा. आता काय?”

“एक दुरुस्ती हवी होती. लखू रामा. मयत करायचं आहे.”

“केव्हा वारले?”

“नाही… म्हणजे फार पूर्वी.”

बाईंनी चष्मा काढला. “गेल्या आठवड्यात आमच्या माणसाने जबाब घेतलाय त्यांचा. तुम्ही शपथेवर लिहून दिलंय. आता मयत म्हणालात तर दोन्ही खोटं ठरेल. दावा बाद. मुलीची जागा गेली, वर गुन्हा दाखल. करू?”

घरी त्यांनी दिव्याला समोर बसवलं आणि जमेल तेवढं सांगितलं. ती ऐकून घेत होती. आईच्या डोळ्यांतून आणि बापाच्या हनुवटीतून येणारे तिचे तेवीस प्रकारचे राग उद्धवरावांना ठाऊक होते, पण हा नवा होता.

“दोन वर्षं, आजोबा. मैत्रिणींच्या वाढदिवसाला गेले नाही मी. आणि तुम्ही अर्ज मागे घेणार? पिंपातलं पाणी वर-खाली होतंय म्हणून?”

“तसं नाही गं…”

“मग लिहून द्या मला,” ती म्हणाली. “कारण लिहून द्या. तुमच्या कागदावर.”

त्यांना लिहिता आलं नाही.

कागदाला हात न लावता माणूस मयत करण्याची एक रीत होती. ज्याचा देह मिळाला नाही, त्याचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. चार पिढ्यांनी लखूचं तेवढंही केलं नव्हतं. उद्धवराव सकाळच्या बसने आळंदीला गेले.

इंद्रायणीला फेस आला होता. वरच्या अंगाने कुठलं तरी सांडपाणी येतं आणि नदीवर पांढऱ्या लाद्या तरंगतात, हे त्यांना माहीत होतं. तरी पायरीवर फेस चढायचा आणि मागे सरायचा, त्याकडे त्यांनी बघायचं टाळलं. घाटावरचे गुरुजी तरतरीत होते. पुतळा त्यांनी समोरच वळला. कोरडे, पिवळे दर्भ कडकड वाजत होते.

“नाव?”

“लखू रामा.”

गुरुजींनी संकल्प म्हटला. उद्धवरावांनी काडी लावली. ती विझली. दुसरी लावली. गुरुजींनी तूप घातलं, कापूर ठेवला. कापूर जळून गेला. पुतळा तसाच.

“ओला आहे,” गुरुजी म्हणाले.

“तुम्हीच वळलात आत्ता.”

गुरुजींनी पुतळा उचलला. त्याच्या पायांतून धार लागली. आधी थेंबथेंब, मग पिळल्यासारखी. पाणी पायरीवरून नदीकडे गेलं नाही. ते उद्धवरावांच्या चपलांकडे आलं.

गुरुजींनी पुतळा खाली ठेवला. पळी, भांडं, आसन एकेक करून पिशवीत भरलं. घाई केली नाही, पण उद्धवरावांकडे पाठही केली नाही.

“काका, मी गेलेल्यांचं करतो,” ते म्हणाले. “हे गृहस्थ गेलेले नाहीत.”

बसमध्ये फोन वाजला. दिव्या होती. आवाजात आनंद मावत नव्हता. “आजोबा, कॉलेज लागलं! सरकारी!”

“कुठलं?”

तिने सांगितलं. सरकारी, नवं, समुद्राकाठच्या जिल्ह्यातलं. कालवंडीपासून थोड्याच अंतरावर.

“बॅग भरतेय. बाबा शिफ्टवरून आले की निघणार.”

“दिव्या, पडताळणीचं प्रमाणपत्र अजून यायचं आहे. त्याशिवाय—”

“ते घरी आलंय ना,” ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

उद्धवराव मधेच उतरले, रिक्षा केली आणि कार्यालय गाठलं. आता गुन्हा तर गुन्हा. अर्ज मागे घेतो असं लिहायचं ठरवून ते पिंपळाखाली गेले. युसुफभाई फडक्याने टेबल पुसत होते.

“काका, सकाळीच नेलं की प्रमाणपत्र. तुमच्या घरनं ते मोठे आजोबा आले होते.”

“तुम्ही बघितलंत?”

“पाठमोरे बघितले. या वयात सही केली, अंगठा नाही.” युसुफभाई टेबल पुसतच राहिले. लाकडावर पांढरे डाग होते, ते निघत नव्हते. “काका, राग मानू नका. तुमचं काम यापुढे दुसरीकडे करा.”

ऊन चांगलं होतं. सोसायटीच्या आवारात मुलं सायकली खेळत होती. लिफ्ट चालू होती. सातव्या मजल्यावर दार सताड उघडं होतं.

यशोदाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. पदर तोंडात धरलेला. त्यांनी फक्त बोट दाखवलं.

देव्हाऱ्यात लाल फडकं उलगडलेलं होतं. आत काही नव्हतं.

गॅलरीच्या दारातून काथ्याचा दोर आत आला होता. अंगठ्याएवढा जाड, नवा, ओला. फरशीवरून तो सैलसा वळत गेला होता, बॅगेभोवती फिरला होता आणि पुढे दिव्याच्या कमरेभोवती. बाजूला एकच गाठ. दिसायला सोपी.

उद्धवराव खाली बसले. दोराच्या मध्ये वीतभर भाग जुना होता, काळपट. त्याच्या सपाट कापलेल्या टोकाचे पेड उकलून नव्या दोरात विणले होते. त्यांनी तो जोड बोटांनी तपासला. सवयच होती. तपासला, आणि पुन्हा तपासला.

एकही दोष नव्हता.

“दिव्या, सोड हे. तुला येतं.”

“ही सुटायची गाठ नाही, आजोबा.” ती शांत होती. चेहऱ्यावर भीती नव्हती, म्हणून त्यांना जास्त भीती वाटली.

ते स्वयंपाकघरात गेले आणि सुरी घेऊन आले. मुठीवर त्यांच्याच अक्षरात धारेची तारीख होती. डाव्या हाताने त्यांनी दोर धरला. हात सराईतपणे पडला, जणू हे काम घरात आधी कुणी तरी केलेलं होतं.

दिव्याने त्यांच्याकडे बघितलं.

“ते म्हणालेत,” ती म्हणाली, “या खेपेला कापायचा नाही.”

सुरी तशीच हातात राहिली. दोराचा माग काढत ते गॅलरीत आले. खाली वॉचमन कुणाची तरी गाडी धूत होता. दोर खाली गेला नव्हता. कठड्यावरून निघून काटेरी तारेच्या वरून, वाळक्या गवताच्या वरून तो सरळ पश्चिमेला गेला होता. नजर पोचत होती तिथवर होता. लष्कराच्या जमिनीवरचा लाल बावटा त्याच्या खाली फडफडत होता.

अजून तो ढिला होता.

न्हाणीघरात पिंपातलं पाणी घुटमळलं, आणि उतरायला लागल्याचा आवाज आला.

दिव्याने चपला घातल्या. फरशीवरचा दोर हळूच वर उचलला गेला.